पांढऱ्या पेशींची ‘फ्लो’ तपासणी: सांगली-मिरजेच्या पेशंटसाठी पायरी-पायरीने

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फ्लो सायटोमेट्री’, ‘लिम्फोसाइट सबसेट’, ‘इम्युनोफेनोटायपिंग’ किंवा ‘सीडी४ काउंट’ यांतलं काही लिहून दिलं असेल, तर पुढचं वाचा. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन बोटाला टोचून संध्याकाळी रिपोर्ट आणायची ही तपासणी नाही. सांगली-मिरजेत रक्त काढून देणारी केंद्रं पावलोपावली आहेत, पण ही विशिष्ट तपासणी करणारं मशीन बहुतेक वेळा पुण्याला किंवा मुंबईला असतं. म्हणजे तुमचं रक्त प्रवास करणार. त्या प्रवासात काय बिघडू शकतं हे पेशंटला कुणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केली, त्यात पांढऱ्या पेशी ३८ हजार निघाल्या. तिथून तासगाव, सांगली, मिरज, पुणे अशी सगळी साखळी पाहिली. रांगेत बसून इतरांच्या फायलीही पाहिल्या. मी डॉक्टर नाही. औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही. कागद, नळ्या, वार आणि आकडे एवढ्यापुरतंच बोलतो.

१. चिठ्ठीतून नेमका प्रश्न काय आहे ते काढा

एकाच मशीनवर अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी रक्त तपासतात. मशीनचं काम समजायला सोपं आहे. तासगावात बेदाणा ग्रेडिंग पाहिलं असेल तर लगेच लक्षात येईल: दाणे कॅमेऱ्यासमोरून जातात आणि रंगाप्रमाणे वेगळे पडतात. इथे पेशींना आधी चमकणारे रंग लावलेली प्रतिपिंडं चिकटवतात, मग एकेक पेशी लेसरच्या झोतासमोरून जाते आणि कुठल्या पेशीवर कोणता रंग चमकला ते मोजलं जातं. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना सीडी३, सीडी४, सीडी१९ असे क्रमांक दिलेले आहेत. सीडी३ म्हणजे टी पेशी. त्यांतल्या सीडी४ मदतनीस, सीडी८ मारेकरी. सीडी१९ म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची खूण. सीडी१६ आणि सीडी५६ वरून एनके पेशी ओळखतात.

आता प्रश्न कोणता, यावर सगळं ठरतं:

– पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, रक्ताचा कर्करोग आहे का? मग ‘ल्युकेमिया पॅनेल’ किंवा ‘इम्युनोफेनोटायपिंग’. कधी हातातलं रक्त पुरतं, कधी अस्थिमज्जेचा नमुना लागतो.
– एचआयव्हीचं निदान झालंय, प्रतिकारशक्ती किती उरलीय? मग सीडी४.
– लहान मुलाला वरचेवर न्यूमोनिया, कानातून पू, गळवं होतात? मग लिम्फोसाइट सबसेट, म्हणजे टी, बी आणि एनके या लिम्फोसाइट पेशींची वेगवेगळी मोजणी, आणि बहुधा त्याबरोबर आयजीजी, आयजीए, आयजीएम ही रक्तातली प्रतिपिंडं.
– रिटुक्सिमॅबसारखं बी पेशी संपवणारं औषध घेतलंय, बी पेशी परत आल्या का? मग फक्त सीडी१९.
– कंबर सकाळी आखडते? एचएलए-बी२७ ही तपासणीसुद्धा अनेक लॅब याच मशीनवर करतात. तिचा प्रतिकारशक्ती कमी असण्याशी काहीही संबंध नाही. कंबरदुखीचा पेशंट ‘फ्लो’ हा शब्द बघून कॅन्सरच्या भीतीने रडताना मी पाहिलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

डॉक्टरांना सरळ विचारा: “या तपासणीतून तुम्हाला काय कळायला हवंय, आणि आकडा अमुक आला तर पुढे काय बदलणार आहे?” चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. आणि उत्तर चिठ्ठीवर एका ओळीत लिहून घ्या. नुसतं ‘फ्लो’ लिहिलेल्या चिठ्ठीवर लॅबवाला स्वतःच्या अंदाजाने पॅनेल निवडतो. पैसे तेवढेच जातात, उत्तर भलत्याच प्रश्नाचं येतं.

चिठ्ठीशिवाय स्वतःहून मात्र ही तपासणी करायला जाऊ नका. कोविडनंतर ‘इम्युनिटी चेकअप’ नावाची पॅकेजं विकली जातात. धडधाकट माणसाच्या एनके पेशी मोजून त्याला काहीही उपयोगाचं कळत नाही. सर्दी वारंवार होते म्हणून कुणी हे सुचवलं तर ते पैसे दूध-अंड्यांवर खर्च करा.

२. हातातली सीबीसी आधी वाचायला शिका

फ्लोचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल. त्याआधी दोन-चारशे रुपयांच्या सीबीसीतच निम्मी गोष्ट असते आणि बहुतेक लोक ती चुकीची वाचतात.

प्रौढ माणसाच्या एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, एका मायक्रोलिटरमागे. एक मायक्रोलिटर म्हणजेच एक घन मिलिमीटर, त्यामुळे रिपोर्टवर वेगळं एकक दिसलं तरी आकडा तोच. काही मशीन हजारात छापतात: ७,२०० च्या जागी ७.२. एका रिपोर्टवर ७,२०० आणि दुसऱ्यावर ७.२ बघून “पेशी संपल्या” म्हणून धावत सुटू नका.

मोठा सापळा टक्क्यांचा आहे. समजा एकूण पेशी ३,००० आहेत आणि लिम्फोसाइट ६० टक्के. रिपोर्टवर ६० च्या पुढे ठळक अक्षरात ‘हाय’ येणार. पण ३,००० चे ६० टक्के म्हणजे १,८००, हे अगदी ठीक आहे. खरी गडबड त्याच रिपोर्टमध्ये खाली असते: न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३० टक्के, म्हणजे फक्त ९००. न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेले की कमी समजतात आणि ५०० च्या खाली गेले की ते धोक्याचं. म्हणून प्रत्येक वेळी एकूण गुणिले टक्के भागिले शंभर करा. काही रिपोर्टवर ‘ॲब्सोल्यूट काउंट’ म्हणून हे आयतंच दिलेलं असतं, तेच वाचा.

आबांचं उदाहरण घ्या. एकूण ३८,०००, लिम्फोसाइट ८० टक्के, म्हणजे ३०,४०० लिम्फोसाइट. प्रौढांत ४,००० च्या आसपासपर्यंत चालतात. ताप नाही, जखम नाही, वजन उतरलेलं नाही. डॉक्टरांनी फ्लोआधी दोन गोष्टी केल्या: सीबीसी पुन्हा, आणि काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, ज्याला स्मिअर म्हणतात. हा क्रम बरोबर आहे. स्मिअर न पाहता थेट महागडं पॅनेल लिहून दिलं असेल तर “स्मिअर झालं का?” एवढं जरूर विचारा.

आकडे कशाने हलतात, हेही माहीत असू द्या. डेंगीत पांढऱ्या पेशी उतरतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. दम्याच्या अटॅकमध्ये दिलेली चार दिवसांची प्रेडनिसोलोनसुद्धा यात आली, आणि सांधेदुखीसाठी कुणीतरी कागदाच्या पुडीत दिलेली बिननावाची गोळीसुद्धा. टीबीत आणि कुठल्याही मोठ्या आजारपणात सीडी४ खाली जाऊ शकतात. गरोदरपणातही. सीडी४ तर एकाच दिवसात सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असे हलतात. तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या तक्त्याशी ताडला तर निरोगी बाळ आजारी आणि खरोखर आजारी बाळ निरोगी दिसतं. वयाप्रमाणे तक्ता छापलेला नसेल तर लॅबकडून मागून घ्या.

३. केंद्र निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न

पाटीवर एनएबीएलचं चिन्ह आहे म्हणजे काम झालं असं नाही. मान्यता लॅबच्या एकेका तपासणीला असते, आणि तुमच्या गल्लीतलं दुकान म्हणजे फक्त रक्त गोळा करणारं केंद्र. म्हणून फोनवर विचारा:

– तपासणी प्रत्यक्ष कुठल्या शहरात होणार? त्या लॅबच्या मान्यतेत ही तपासणी धरलेली आहे का?
– पॅनेलमध्ये कोणकोणते सीडी मोजणार?
– फक्त टक्के देणार की ॲब्सोल्यूट आकडेही?
– नमुना इथून किती वाजता निघतो, आणि कुठल्या वारी निघत नाही?
– नमुना वाटेत खराब झाला तर पुन्हा रक्त घ्यायचे पैसे कोण भरणार?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. सीबीसी शेकड्यांत होते, फ्लो हजारांत जातं, आणि ल्युकेमिया पॅनेलमध्ये जितक्या खुणा जास्त तितकं बिल वाढतं.

पैशांची अडचण असेल तर आधी सरकारी वाट पाहा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचं, आणि त्याला जोडलेलं सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, ज्याला आपण नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतो. तिथल्या मेडिसिन किंवा बालरोग ओपीडीत दाखवून पुढची चिठ्ठी घेतली तर डॉक्टर, स्मिअर आणि सीबीसी तरी अल्प खर्चात होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडीत बसून केलेली तपासणी त्यात बसेलच असं धरून चालू नका. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा.

मूल असेल आणि जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कमतरतेची शंका असेल, तर मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे याच आजारांवर काम चालतं. बालरोगतज्ज्ञांकडून पत्र घेऊन, आधी फोन करून जा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगली-मिरजेतून निघून सकाळी मुंबईत सोडते. नमुना पाठवण्यापेक्षा अशा वेळी मुलालाच नेणं बरं, कारण काही तपासण्यांना रक्त अगदी ताजं लागतं.

४. वार आणि वेळ

माझ्या मते सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात. फ्लोला जिवंत पेशी लागतात. रक्त काढल्यापासून साधारण ४८ तासांच्या आत ते मशीनवर जायला हवं, आणि तोवर खोलीच्या तापमानाला राहायला हवं. बर्फावर ठेवायचं नाही, फ्रीजमध्येही नाही. एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत तर नाहीच नाही.

अडचण अशी की बाकीचे बहुतेक नमुने थंड पेटीतून जातात, आणि केंद्रातला मुलगा सवयीने तुमची नळीही तिथेच टाकतो. एका केंद्रात आबांची नळी अशीच जेलपॅकांत गेली आणि दोन दिवसांनी “नमुना नाकारला” असा मेसेज आला. म्हातारा माणूस, पुन्हा वडापने सांगली, पुन्हा सुई. तेव्हापासून मी नळीवर चिकटपट्टी लावून स्वतः लिहितो: ‘फ्लो – थंड करू नये’. हसतात, हसू देत.

रक्त सोमवार ते बुधवार द्यावं. गुरुवार चालतो. शुक्रवारी विचारून. शनिवारी कुणी कितीही “पाठवतो की ओ” म्हटलं तरी देऊ नका, कारण रविवारी मशीन चालू असेलच असं नाही. गणपती, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या यांचाही हिशेब धरा. जत, आटपाडी, शिराळ्याकडून येणाऱ्यांनी पहाटेची एसटी धरावी, म्हणजे दुपारच्या कुरिअरमध्ये नळी बसते. संध्याकाळी दिलेलं रक्त रात्रभर केंद्रातच पडून राहतं.

पावसाळ्याचं वेगळंच आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की कुरिअरचा भरवसा धरू नये. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत रस्ते कसे बंद झाले ते आपण पाहिलंय. तपासणी तातडीची नसेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर पुढे ढकला. तातडीची असेल तर पाणी चढायच्या आत पेशंटला घेऊन पुणं गाठा.

सीडी४ किंवा सीडी१९ वरचेवर मोजायची असेल तर दर वेळी तीच लॅब आणि दिवसाची तीच वेळ ठेवा. एकदा सकाळी एका लॅबमध्ये आणि पुढच्या खेपेला संध्याकाळी दुसरीकडे केलं, तर फरक आजाराचा की घड्याळाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

५. सोबत न्यायचे कागद

– डॉक्टरांची चिठ्ठी: शंका कोणती, कोणतं पॅनेल, हे लिहिलेली
– ताजी सीबीसी, शक्यतो त्याच दिवसाची. अनेक ठिकाणी ॲब्सोल्यूट आकडे काढायला हीच वापरतात. नसेल तर त्याच वेळी काढायला सांगा
– स्मिअरचा रिपोर्ट, असल्यास काचपट्ट्याही
– चालू औषधांची यादी. स्टेरॉइड, किमोथेरपी, रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट घेत असाल तर शेवटचा डोस कधी झाला ती तारीख
– मागचा फ्लो रिपोर्ट
– आधार. चिठ्ठी, आधार आणि नळीवरचं नाव एकच हवं. ‘बाळासो’ आणि ‘बाळासाहेब’ यांवरून नमुना अडकलेला मी पाहिलाय
– मुलाचं असेल तर जन्मतारीख आणि लसीकरण कार्ड

उपाशीपोटी जायची गरज नाही. त्याच वेळी उपाशीची शुगर सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. पाणी भरपूर पिऊन जा, शीर लवकर सापडते.

६. खुर्चीत बसल्यावर

लिम्फोसाइट सबसेट आणि सीडी४ साठी सहसा जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी लागते. लहान मुलांच्या डीएचआर नावाच्या तपासणीला (न्यूट्रोफिल जंतू मारू शकतात का, ते यात पाहतात) हिरव्या टोपणाची, हेपरिनची नळी लागते. त्यासोबत एका निरोगी माणसाचंही रक्त मागतात, तुलनेसाठी. घाबरू नका, तुमच्यावर संशय नाही. नळी खुणेपर्यंत भरलेली आणि लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केलेली असावी. गुठळी झाली तर नमुना फुकट. नाव आणि वेळ नळीवर तुमच्यासमोर लिहून घ्या.

७. रिपोर्ट आल्यावर

पीडीएफ मोबाइलवर रात्रीच येते. ठिपक्यांचे रंगीत आलेख, आकडे, आणि खाली ‘इम्प्रेशन’. आलेख सोडा. तीन गोष्टी पाहा: नमुना घेतल्याची आणि लॅबला पोचल्याची वेळ, जिवंत पेशींचं प्रमाण दिलं असेल तर ते, आणि इम्प्रेशन. पहिल्या दोघांत गडबड असेल तर तिसऱ्यावर विसंबू नका.

सीडी४ बद्दल. प्रौढांत साधारण ५०० ते १,५००. सीडी४ कमी आले म्हणजे एचआयव्ही असा अर्थ होत नाही, आणि सीडी४ ही एचआयव्हीची तपासणी नाही. एचआयव्हीची तपासणी वेगळी, तिला तुमची संमती लागते आणि तिचा निकाल तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही. त्यासाठी २०१७ चा कायदा आहे. निदान झालेल्यांना एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, औषधं मोफत मिळतात, आणि २०१७ पासून ती सुरू करायला सीडी४ अमुक खाली जाण्याची वाट बघत नाहीत. “माझे सीडी४ चांगले आहेत, मग गोळ्या कशाला” हे जुनं गणित सोडा. ३५० च्या खाली असतील तर मात्र इतर संसर्ग टाळायला वेगळ्या गोळ्या देतात, त्या चुकवू नका. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

रिटुक्सिमॅब घेतलेल्यांचे सीडी१९ शून्याजवळ येतात. तसेच यायला हवेत, औषधाचं कामच ते. परत यायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. पण हे औषध सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली होती का, एवढं फाइलमध्ये शोधा.

आबांच्या रिपोर्टवर सीडी१९ आणि सीडी५ एकाच पेशीवर, सोबत सीडी२३, आणि ‘कॅपा रिस्ट्रिक्टेड’ असं होतं. निरोगी बी पेशींत काही कॅपा, काही लॅम्डा असा मिश्र माल असतो. सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या म्हणजे त्या एकाच पेशीची पिल्लावळ आहेत. अशा पेशी मायक्रोलिटरमागे ५,००० च्या वर आणि तीन महिने टिकून असतील, तर त्याला सीएलएल म्हणतात, रक्ताच्या कर्करोगाचा सावकाश चालणारा प्रकार. घरात रडारड झाली. रक्तविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितलं: गाठी नाहीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट चांगले आहेत, आत्ता औषध नको, दर तीन महिन्यांनी सीबीसी करा. कॅन्सर आहे आणि औषध नको, हे नातेवाइकांना पटवताना माझा घसा बसला. पण सीएलएलमध्ये असं थांबणं हीच अनेकांसाठी ठरलेली पद्धत आहे, डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हे. यासाठी दर वेळी फ्लो लागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनही नंतर झालं.

बाळाच्या रिपोर्टमध्ये टी पेशी फारच कमी असतील तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना फोन करा. भेटीची तारीख बघत बसू नका. तोवर कोणतीही जिवंत लस, म्हणजे बीसीजी, रोटाव्हायरस, तोंडातून दिला जाणारा पोलिओ डोस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आशाताई घरी आल्या तरी त्यांना रिपोर्ट दाखवा. आणि रक्त चढवायची वेळ आली तर “विकिरण केलेलं रक्त लागेल का” हे विचारा.

८. डॉक्टरांकडे परत जाताना

आलेखांच्या पानांसकट पूर्ण रिपोर्ट छापून न्या. व्हॉट्सॲपवरचा अर्धवट फोटो कुणाला वाचता येत नाही. विचारायचं ते एवढंच: हा आकडा पुन्हा बघायचा का आणि कधी? औषधामुळे हललाय का? कोणती लस घ्यायची, कोणती नाही?

आणि ताप आला तर काय करायचं ते लिहूनच घ्या. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना थर्मामीटर एकदा जरी १०१ वर गेला, किंवा तासभर १००.४ च्या वर राहिला, तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं, आणि गेल्या गेल्या आधी शेवटच्या सीबीसीचा कागद पुढे करायचा. गाडीचा आणि ड्रायव्हरचा नंबर त्याच फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.